रस्त्याकडची रुई

गेल्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या दिवशी आमच्या घरी पत्री न्यायला कोणी आले नाही.

सकाळी उठल्याबरोबर मी फाटकाची कडी काढून ठेवली होती. जेवणवेळ टळून गेल्यावर ती पुन्हा लावली. मधल्या वेळात फाटक एकदाच वाजले. कुरिअरवाला होता. त्याला शेजारचे घर हवे होते.

घर फतेगंजच्या मागच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत आहे. एकसारख्या घरांच्या दोन रांगा, मध्ये रस्ता. बडोद्यात अशा घरांना टेनामेंट म्हणतात. पुढे स्कूटरपुरती फरशी, कमरेएवढी भिंत आणि लोखंडी जाळीचे फाटक. मागे घराच्या रुंदीएवढा मातीचा पट्टा. त्या पट्ट्यात माझ्या पत्नीने लावलेली झुडपे आहेत. पाहुण्याला ती कशी निवडली याचा अंदाज येत नाही. शोभेचे असे त्यात फारसे काही नाही. डाळिंब आहे, पण त्याला चांगले फळ कधी धरले नाही. बोर आहे, ती छाटून छाटून झुडूपच ठेवलेली. कण्हेर, शमी, डोरली, भिंतीला टेकवलेली जाई, कोपऱ्यात धोत्रा आणि रुई. दोन कुंड्यांत मरवा. निम्म्या झाडांना काटे, उरलेल्यांपैकी काही विषारी.

निवड पानांवरून झाली होती. हरतालिकेला सोळा प्रकारची पाने वाहतात, दुसऱ्या दिवशी गणपतीला एकवीस. बडोद्याच्या बाजारात पत्रीच्या जुड्या मिळतात. पत्नीचे म्हणणे असे, की त्या जुडीत चार झाडांची पाने सोळा वेळा घातलेली असतात. "फुलं काय, कुठेही मिळतात. पानं खरी कोण विकतं?" असे म्हणून तिने एकेक झाड आणले. बेल, आंबा, अशोक, बकुळ ही मोठी झाडे होती, ती देवळाच्या आवारात आणि युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला मिळत. दूर्वा, आघाडा, माका आपोआप उगवत. राहिलेली तिने घरी लावली. आणि मागे लावली. यावर माझे तिच्याशी एकदाच बोलणे झाल्याचे आठवते. पुढे थोडी फरशी उखडून दोन झाडे लावली तर घर बरे दिसेल, असे मी म्हणालो होतो.

"पुढे लावलं की येणाऱ्याजाणाऱ्याचं," ती म्हणाली. "मागे लावलं की आपलं."

मी एका दैनिकाच्या बडोदे कचेरीत बातम्या लावण्याचे काम केले. कामाची वेळ दुपारनंतरची, परत येणे मध्यरात्रीनंतरचे. सकाळी घरात काय चालते याची माहिती मला निवृत्तीपर्यंत ऐकीव होती. हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी आजूबाजूच्या मराठी बायका येतात, मागे गडबड चालते, एवढे झोपेत कळे. उठेपर्यंत त्या गेलेल्या असत आणि अंगणात पाने सांडलेली असत. पुढे येणाऱ्या बायका कमी झाल्या. कोणी पुण्याला मुलाकडे गेले, कोणी शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला. शेवटी एकच राहिल्या. त्यांना मी वहिनी म्हणतो. त्या पत्नीच्या मैत्रीण. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. घर आमच्यापासून दोन रस्ते सोडून, पहिल्या मजल्यावर.

पत्नी पौषात वारली. आम्हाला मूल नव्हते. दिवस झाल्यावर नातेवाईक आपापल्या गावी परतले. त्यानंतर घरात येणारी माणसे कामापुरती येत: मीटर बघणारा, पाण्याची मोटर दुरुस्त करणारा. ती फाटकाशी किंवा फार तर पुढच्या खोलीपर्यंत येत.

त्यानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात वहिनी आल्या. मी चहा गाळत होतो. त्यांनी बेल वाजवली नाही. फाटक उघडले, चपला काढल्या, पुढच्या खोलीतून सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि मागचे दार उघडले. हातात कापडी पिशवी आणि ओला पंचा.

"ही नाही, पण हिची झाडं आहेत ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर."

मी मदतीला मागे गेलो. त्यांनी पट्ट्यावर एकदा नजर टाकली.

"भाऊजी, साव जंगल करून ठेवलंत की." साव म्हणजे अगदी. बडोद्याच्या मराठीत हे गुजराती 'साव' आमच्या पिढीने सहज उचलले.

मी डोरलीच्या फांदीला हात घातला आणि काटा लागून मागे घेतला.

"तुम्ही नका हात लावू. तुम्ही पेपरवाले. एकदा धरलंत की मुळासकट बाहेर काढता."

त्यांची पत्री काढण्याची पद्धत मी त्या दिवशी प्रथम पाहिली. त्या शेंड्याचे पान घेत नव्हत्या. फांदी आतल्या बाजूने वाकवून, झुडपाच्या पोटातले पान नखाने खुडत. एका फांदीवरची सगळी पाने घेत नसत. रुईपाशी आल्या तेव्हा खाली वाकून चिमूटभर ओली माती उचलली. पान तोडले की त्या जागी दूध येते. तिथे त्यांनी माती दाबली. पुढचे पान, पुन्हा माती.

"हे कशाला?" मी विचारले.

"दूध गळत राहतं मेलं. डोळ्यात उडालं तर आठ दिवस बघायला नको. आणि आपण तोंड पुसतो ना जेवल्यावर? मग तिचं कोण पुसणार?"

हे पत्नी करत असे का, असे मी विचारले. त्या हसल्या. "तिनं कधी केलं नाही. ती म्हणायची, तुझं नेहमीचं काहीतरी जगावेगळं."

पाने काढून झाल्यावर त्या मागच्या ओट्यावर बसल्या आणि पंच्यावर वाटे घालू लागल्या. आसपास पाच-सहा मराठी घरे उरली होती, त्यांच्यासाठी त्याच जुड्या बांधत. बांधता बांधता बोलत होत्या. त्यांच्याकडून मला कळले, की मैत्रिणींमध्ये माझे नाव 'रात्रपाळी' होते. "आमची रात्रपाळी अजून झोपलीय, हळू बोला," असे पत्नी बायकांना सांगत असे. एकदा धोत्र्याचे बोंड पायाखाली येऊन एक बाई ओरडली, तेव्हा पत्नीने तिच्या तोंडावर हात दाबला होता. सगळ्या जणी तोंडात पदर कोंबून हसल्या होत्या. हे सारे माझ्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे झाले होते.

चहा दोनदा झाला. ऊन ओट्यावर आले तेव्हा त्या निघाल्या. मी फाटकापर्यंत गेलो.

समोरच्या घराच्या ओसरीत हिंचका, म्हणजे झोपाळा, आहे. त्यावर त्या घरातली म्हातारी दिवसभर बसते. सगळी सोसायटी तिला बा म्हणते. हिंचका थांबवून बाने वहिनींना विचारले, "केम बेन, एकला भाईने त्यां बहु वार लागी?" एकट्या माणसाकडे बराच वेळ लागला, असा तो प्रश्न. बा हसत होती.

वहिनीही हसल्या. "पांदडां वीणती हती, बा," म्हणाल्या. पाने वेचत होते, एवढेच. पदर खांद्यावर ओढून घेतला आणि नेहमीपेक्षा लवकर चालत गेल्या. मीही हसलो होतो. बाची जीभ सोसायटीत सर्वांना माहीत आहे.

पुढच्या वर्षभरात मी झुडपांची कामे शिकलो. शिकलो म्हणजे माहिती मिळवली आणि करून पाहिले. कण्हेर जोराने वाढते, पण जुने पान चिवट होते. भाद्रपदात कोवळे पान हवे तर ज्येष्ठात छाटावी लागते. बोरीची छाटणी त्याआधी, कडक उन्हाळ्यात. डाळिंबाची आतली, एकमेकींवर घासणारी फांदी काढायची, बाहेरची ठेवायची. मरव्याच्या कुंडीत पाणी साचले की तो जातो. बडोद्याची माती काळी. उन्हाळ्यात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात ती चिकट होऊन मुळे गुदमरतात. मी वाळू आणि शेणखत आणून पट्टा हलका केला. कण्हेर छाटताना हातमोजे घालत असे आणि छाटलेले गोणीत बांधून ठेवत असे, कारण सोसायटीत गाई फिरतात.

ही सगळी तयारी एका सकाळसाठी होती. त्या सकाळी एक माणूस फाटक उघडून, न विचारता, घर ओलांडून मागच्या दारापर्यंत जाईल. वर्षात दुसरे कोणी तसे जात नव्हते.

त्या सकाळी काय झाले ते वर लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे हरतालिकेलाच, मी पहाटे उठून पत्री काढली आणि पिशवी घेऊन वहिनींच्या घरी गेलो. दार यजमानांनी उघडले.

"या, या. काय बातमी?" ते मला नेहमी हेच विचारतात.

पाटावर वाळूचे शिवलिंग मांडलेले होते. शेजारी प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा होता. सुनेने सुरतेहून फोनवर मागवलेली पत्री त्यात आली होती.

"सोळा पत्री लिहिलंय वर," यजमान म्हणाले. "मी निवडायला बसलो. अशोकाचीच पानं निघाली निम्मी. बाकीची कसली, ते हरतालिकेलाच माहीत."

वहिनी आतून आल्या. पिशवी पाहून थांबल्या. "अगंबाई, तुम्ही कशाला आणलीत? सांगायचं ना, मी..." वाक्य तिथेच राहिले.

"मी हिला काल म्हटलं, जा," यजमान म्हणाले. "म्हणे गुडघा दुखतो. आणि संध्याकाळी केवड्याच्या पातीसाठी अख्खं मार्केट पालथं घालून आली."

"तुम्ही गप्प बसा हो."

"मी काय, बसलोच आहे. रेल्वेनं बसवलंय."

वहिनींनी पिशवी उघडली. वरचे पान हातात घेऊन देठ पाहिला. "कात्रीनं कापलीत?"

"हो."

"पेपरवाले," त्या म्हणाल्या. पण पाने त्यांनी डब्यातल्या पत्रीच्या वर ठेवली.

मी निघालो तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या. यजमान आत टीव्हीचा आवाज वाढवत होते. माझ्याकडे न बघता, चपलांच्या रॅककडे बघत त्या म्हणाल्या, "भाऊजी, झाडं रस्त्याकडे असती ना, तर जाता-येता घेतली असती."

"गुडघ्यासाठी?"

"हो. गुडघ्यासाठीच."

घरी परतताना मला बाचा प्रश्न शब्दशः आठवला. तो तसाच वर दिला आहे.

वयात आलेले झुडूप हलवणे अवघड असते. मी त्याविषयी दोन माळ्यांना आणि पादरा गावाच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्याला विचारले. तिघांची मते तीन होती. एका गोष्टीवर एकमत होते: जुनी बोर आणि जुनी रुई हलणार नाही, त्यांची मुळे सरळ खोल जातात. बाकीच्यांसाठी वेगवेगळे मार्ग निघाले. जाईची फांदी वाकवून मातीखाली दाबली, वर वीट ठेवली. तिला मुळे फुटल्यावर आईपासून तोडायची. कण्हेरीच्या जाड काड्या तोडून ओल्या वाळूत लावल्या. डोरली बियांपासून आली. डाळिंब आणि शमी नवीच घ्यायची ठरली.

नर्सरीवाला माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असावा. घराच्या पुढच्या बाजूला लावायचे आहे म्हटल्यावर तो मला रंगीत रांगेकडे घेऊन गेला.

"फ्रन्ट माटे ने, काका? टिकोमा लई जाओ. बारे महिना पीळां फूल."

"फूल नहीं, मारे पान जोईए छे." फुले नकोत, पाने हवीत, असे मी म्हणालो.

"पान तो गल्ला पर मळे," तो म्हणाला आणि हाताखालच्या माणसाकडे बघून हसला. गल्ला म्हणजे विड्याच्या पानाची टपरी. मग मी कोणती झाडे हवीत ते सांगितले. त्याचे हसणे थांबले. "आ बधुं घर आगळ? काटा ने झेर?" घरापुढे काटे आणि विष लावणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. शमी मात्र त्याच्याकडे होती, छातीएवढी. देवळाचे लोक नेतात, असे म्हणाला. पिशवीतून बाहेर आलेले मूळ मी त्याला कापायला लावले. गोल गोल फिरलेली मुळे तशीच जमिनीत गेली तर झाड पुढे आपलाच गळा आवळते, एवढे तोपर्यंत माझ्या वाचनात आले होते.

वैशाखात मी पुढची फरशी भिंतीच्या कडेने उखडली. स्कूटर विकलेली होती, जागा रिकामीच होती. भिंतीपासून हातभर अंतर सोडून खड्डे घेतले आणि उन्हात तापायला उघडे ठेवले. खड्ड्यांच्या तळाशी विटांचे तुकडे, वर निम्मी माती, वाळू, शेणखत, निंबोळीची पेंड. आठ दिवसांत सोसायटीचा सेक्रेटरी आला. तो समोरच्या रांगेत राहतो, एका औषध कंपनीत काम करतो आणि पायऱ्या चढण्याआधीच बोलायला लागतो.

"अंकल, रोड साइड काटावाळुं झाड ना चाले. छोकराओ सायकल लईने जाय छे."

मी त्याला शमीची जागा दाखवली. तिला आतल्या बाजूला बांबूला बांधणार होतो. फक्त बिनकाट्याचा कोवळा शेंडा भिंतीवर आणणार होतो.

"ने आ कण्हेर? गाय खाशे तो?"

कण्हेरीसाठी मी फाटकामागचा कोपरा धरला होता. फाटकाच्या जाळीतून हात आत जातो, गाईचे तोंड जात नाही. हे मी त्याला करून दाखवले. त्याने स्वतः हात घालून पाहिला.

"पण बहारथी हाथ नाखशे कोण?"

बाहेरून हात कोण घालणार, असा तो प्रश्न. मी फावडे उचलले. मग भिंतीच्या बाहेरच्या पायथ्याशी, सिमेंटच्या फटीत उगवलेले एक रोप त्याने बुटाने दाखवले. रुई होती. मागच्या झाडाचा कापूस उडून ती तिथे रुजली असणार. हे तरी काढून टाका, असे तो म्हणाला.

समोरचा हिंचका थांबला.

"आकडो उखेडाय नहीं," बा ओसरीतून ओरडली. "हनुमानजीनो छे." रुईला गुजरातीत आकडो म्हणतात; ती उपटत नाहीत.

"बा, सोसायटीनो नियम..."

"नियम तारी पासे राख. शनिवारे मारे पान जोईशे तो क्यांथी लावीश? तारी फॅक्टरीमांथी?"

सेक्रेटरी गेला. रुई राहिली. बाने मला हाताने जवळ बोलावले. आमच्यात एवढे जवळून बोलणे पूर्वी कधी झाले नव्हते.

"भाई, आटलां बधां झाड रस्ता पर कोना माटे?" एवढी झाडे कोणासाठी, असे ती विचारत होती.

"तमारा हनुमानजी माटे."

बाने पायाने हिंचक्याला रेटा दिला. "सारुं," म्हणाली.

आषाढात माती आत ओली झाल्यावर झाडे लावली. मातीचा गोळा न फुटेल अशा बेताने, पिशवीत होते त्याच खोलीवर. खोडाला माती चढवली नाही. भोवती आळी केली, आळ्यात वाळलेला पाला पसरला. शमी बांबूला सुती चिंधीने सैल बांधली. मग रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि कोणत्या फांदीपर्यंत हात पोचेल ते पाहिले. वहिनींची उंची माझ्या खांद्यापर्यंत आहे. त्यापेक्षा वर जाणारी प्रत्येक नवी फांदी मी पुढे दर पंधरवड्याला खुडत गेलो. त्यामुळे झुडपे रुंद झाली आणि रस्त्याकडे झुकली.

श्रावणात जोराचा पाऊस झाला. विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या गल्लीत आले नाही, पण गटारे तुंबली आणि पुढच्या आळ्यांमध्ये पाणी उभे राहिले. मी भिंतीला खालून भोक पाडून ते रस्त्यावर काढले. तरी डाळिंब गेले. आधी पाने पिवळी झाली, मग एका सकाळी सगळी खाली होती. मुळाशी खणले तर वास येत होता. दुसरे लावण्याइतका वेळ नव्हता. डाळिंबाची पाने मागच्या जुन्या झाडावर होती. ती काढून मी पुढच्या भिंतीवर ठेवू शकलो असतो, पण ते कोणासाठी ठेवले हे स्पष्ट दिसले असते. ठेवली नाहीत. बाकीची झाडे तगली.

त्या पावसाळ्यात वहिनी आमच्या रस्त्यावरून गेल्याचे मी दोनदा पाहिले. एकदा यजमान बरोबर होते. यजमानांनी हात वर केला आणि "काय बातमी?" म्हणाले. "काही नाही," मी म्हणालो. वहिनी शमीकडे बघत होत्या. दुसऱ्यांदा त्या एकट्या होत्या, छत्री घेऊन, आणि थांबल्या नाहीत. मुलगा त्यांना कायमचे सुरतेला बोलावतो आहे, असे दुधाच्या केंद्रावर कोणीतरी बोलले. त्याला दुजोरा मिळाला नाही. मी विचारले नाही.

या वर्षी हरतालिकेच्या आदल्या सकाळी मी फाटकाची कडी काढली नाही. पुढच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या आणि अलकापुरीला चष्म्याच्या दुकानात गेलो. चष्मा तयार झालेला नव्हता. तसे त्यांनी आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितले होते. दुकानातल्या माणसाने मला तेच पुन्हा सांगितले आणि पाणी दिले. मी तिथून चालत निघालो. वाटेत एका बागेत बसलो. ऊन डोक्यावर आले तेव्हा घरी परतलो.

बा हिंचक्यावर होती. मी रस्त्यातूनच विचारले, "कोई आव्युं हतुं, बा?"

"मने शुं खबर?" बा म्हणाली. "हुं तो आंख बंद करीने भजन सांभळती हती." डोळे मिटून भजन ऐकत होती म्हणे.

रेडिओ बंद होता.

मी भिंतीच्या बाहेरच्या बाजूने चालत गेलो. शमीच्या भिंतीवर आलेल्या फांदीचे शेंडे जागेवर होते. त्यांच्या मागची काही पाने नव्हती. जाईची वेल एका जागी आतून विरळ झाली होती. फाटकाच्या जाळीजवळची कण्हेरीची एक डहाळी थोडी वाकलेली होती आणि तिच्यावर खुडल्याच्या ताज्या खुणा होत्या. डोरलीला कोणी हात लावलेला दिसला नाही.

भिंतीच्या पायथ्याशी रुईची खालची पाने तोडलेली होती. तोडलेल्या प्रत्येक जागी चिमूटभर माती दाबलेली होती. माती अजून ओली होती.